खिडकीतलं झाड आणि आईंचा चहा

जर्मनीत कार्ल्सरूहेला आल्यावर सुरुवातीच्या हिवाळ्यांत झाडं मारण्यात माझा हात कोणी धरू शकलं नसतं. मोगरा मारला, कढीपत्ता मारला, मैत्रिणीने सुट्टीवर जाताना विश्वासाने ठेवलेली मिरचीसुद्धा मारली. नोव्हेंबर लागला की इथे दुपारीच दिवे लावावे लागतात. ऊन म्हणाल तर क्वचित कधी ढगांच्या फटीतून डोकावतं आणि चहासुद्धा न घेता निघून जातं. त्यात आपली पुण्याची झाडं काय तग धरणार? नवरा म्हणाला, "प्लास्टिकची आण ना, सरळ." मी त्याच्याशी काही दिवस धड बोलले नाही. मग एकदा किराणा घेताना गल्ल्यापाशी, चॉकलेटांच्या शेजारी, इवल्याशा कुंडीत बसलेलं एक जाड पानांचं झाड दिसलं, ते उचलून आणलं.

इथे या झाडांना सुकुलेंटन म्हणतात. कोरफड, पानफुटी, निवडुंग या आपल्याच गोतावळ्यातली ही मंडळी. पाणी पानांत साठवून ठेवायचं आणि महिनोन् महिने कुणाकडे काही मागायचं नाही, असा त्यांचा स्वभाव. सकाळी मुलीचा डबा, मग माझं ऑफिस, संध्याकाळी पुन्हा ऑफिसच्या मीटिंगा, अशा घरात हाच स्वभाव टिकणार होता. हळूहळू दक्षिणेकडची खिडकी भरली. खिडकीखाली हायत्सुंग, म्हणजे भिंतीला लावलेला गरम पाण्याचा हीटर, त्याच्यावर दगडी फळी आणि फळीवर झाडं. हिवाळ्यात त्यांचे पाय भाजतात आणि काचेला टेकलेली डोकी गारठतात. म्हणून मी फळीवर लाकडाची पट्टी टाकली आणि कुंड्या काचेपासून वीतभर मागे घेतल्या. नवऱ्याचं म्हणणं, मी त्याच्या आजारपणातसुद्धा इतका विचार करत नाही. खरं आहे ते.

या सगळ्यांत थोरलं झाड म्हणजे गेल्डबाउम, पैशाचं झाड. गोल, जाड, चकचकीत पानांचं, आपल्याकडे नर्सरीत जेड म्हणून मिळतं ते. आमची मुलगी जन्मली तेव्हा खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजीबाईंनी स्वतःच्या झाडाची एक फांदी तोडून, छोट्या कुंडीत लावून आणून दिली होती. इथे असंच करतात, घरातल्या झाडाचं पिल्लू आपल्या माणसाला देतात. मुलगी आणि झाड एका वयाची. दर वाढदिवसाला झाडाशेजारी उभं राहून फोटो काढायचा हा तिचा नियम. एक वसंत सोडून दुसऱ्या वसंतात आम्ही त्याची कुंडी बदलायचो, तेव्हा तर घरात सण असायचा. स्वयंपाकघरात वर्तमानपत्रं पसरायची, झाड अलगद आडवं करून बाहेर काढायचं, जुनी माती झाडून टाकायची. नवी माती अर्धी, आणि अर्धी बारीक खडी नि भरड वाळू, म्हणजे पाणी टिकता कामा नये. कुंडीच्या भोकावर खापरी ठेवण्याचं काम मुलीचं. ते दुसऱ्या कुणी केलेलं तिला खपत नसे.

गेल्या वर्षी दिवाळी आटोपून सासूबाई आमच्याकडे आल्या. सासरे गेल्यानंतरची त्यांची ही पहिलीच खेप. याआधी आल्या होत्या त्या माझ्या बाळंतपणाला. विमानतळावर त्यांना पाहिलं तर त्या एकदम लहान दिसत होत्या. पण बॅगेतून लोणच्याच्या बरण्या, भाजणी आणि चहाची पत्ती निघाली तेव्हा जरा धीर आला. चहा हा आईंचा प्राण. त्यांच्या हातचा चहा प्यायला पुण्यात त्यांच्या इमारतीतल्या बायका काहीतरी निमित्त काढून येतात. कुणी चहा पाणचट केला की त्या काही बोलत नाहीत, फक्त कप लांब ठेवतात. तेवढं पुरतं.

मात्र त्यांचा एक नेम आहे. आंघोळ झाली की आधी तुळशीला पाणी, मग स्वतःला चहा. माझी तुळस बाल्कनीत ऑक्टोबरातच खराटा झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आई पाण्याचा तांब्या घेऊन त्या खराट्यासमोर उभ्या होत्या.

"अगं, तुळशीचं लग्न तोंडावर आलं आणि तुझी नवरी कुठाय?"

"आई, थंडीने गेली. इथे टिकत नाही हो."

"मग आता मी चहा कधी प्यायचा?"

मला हसू आलं, त्यांना नाही. त्यांनी घरभर नजर फिरवली आणि खिडकीतल्या गेल्डबाउमपाशी जाऊन थांबल्या. "हे चालेल. हिरवं आहे, अंगाने भरलेलं आहे. देवाला कळतं, परदेशात आहोत म्हणून." आणि त्या दिवसापासून रोज सकाळी त्या झाडाला तांब्याभर पाणी, कुंडीला हळदीकुंकवाचं बोट, नमस्कार आणि मग चहा.

मी सांगितलं नाही असं नाही. "आई, त्याला एवढं पाणी नाही चालत. महिन्यातून एकदा दोन घोट पुरतं." आईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाला उपाशी ठेवते आहे. "पाण्याचंसुद्धा बिल जास्त येतं का इथे?" मी त्यांना दारावर उलट्या टांगलेल्या कोरफडीची आठवण करून दिली. ती मातीशिवाय, पाण्याशिवाय किती महिने जगते? त्या म्हणाल्या, "ती दृष्टीसाठी असते. तिला कोण प्रेमाने वाढवतंय?" पण माझा मान ठेवून त्यांनी तांब्या सोडला आणि देवपूजेची पळी घेतली. रोज एक पळी. मला वाटलं, पळीभर पाण्याने काय होतंय.

झाडाची साधी कुंडी मी शोभेसाठी एका निळ्या चिनीमातीच्या कुंडीत ठेवली होती, आणि त्या निळीला खाली भोक नव्हतं. आतल्या साध्या कुंडीतून झिरपलेलं पाणी तिच्यात साचत गेलं. आधीचे तांबे आणि मग पळ्या. त्यात इथली सकाळची पद्धत म्हणजे कडाक्याच्या थंडीतही खिडक्या सताड उघडून घरात वारा घ्यायचा, नाहीतर भिंतींना बुरशी येते. "हे लोक घर तापवतात आणि मग रस्ता तापवतात," असं म्हणत आई शाल ओढून स्वयंपाकघरात पळायच्या. झाडाला पळता येत नव्हतं. पाय पाण्यात आणि अंगावर बर्फाळ वारा असं ते रोज सोसत उभं होतं.

एका शनिवारी मुलगी झाडाशी खेळत होती आणि तिच्या हातात अख्खी फांदी आली. मऊ, तपकिरी, कुजलेली. मग तिने खोडाला बोट लावलं तर ते आत गेलं. ती किंचाळली आणि मी धावले. निळी कुंडी उचलून पाहिली तर तळाशी चांगलं चार बोटं पाणी, आणि वास असा की बोलायची सोय नाही. अति तेथे माती म्हणतात, इथे मातीचासुद्धा चिखल झाला होता.

आमच्या मुलीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. ती आजीकडे वळून रडत ओरडली, "ओमा हाट इन एरट्रेंक्ट!" आजीने त्याला बुडवून मारलं. आईंना जर्मन येत नाही, पण नातीचा चेहरा वाचायला कुठली भाषा लागते? त्या मटकन खुर्चीत बसल्या. मुलगी आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. तिचा राग मला समजत होता आणि आईंचा चेहराही बघवत नव्हता, अशी माझी पंचाईत.

आई म्हणाल्या, "हे गेले आणि माझा हात गेला बघ."

मला आधी कळेचना. मग उलगडलं. पुण्यात त्यांच्या आजूबाजूच्या बायका कढीपत्ता, जास्वंद, काही लावायचं असलं की त्यांच्याकडून लावून घ्यायच्या. यांच्या हातचं लागतंच, असा सगळ्यांचा विश्वास. सासरे गेल्यानंतर कुणी बोलावलं नव्हतं. कुणी तोंडावर काही म्हणालं नव्हतं, फक्त बोलावणं थांबलं होतं. आईंनी ते मनाशी धरून ठेवलं होतं, आणि आता नातीचंच झाड त्यांच्या हातून गेलं होतं. "माझ्या हातचं आता काही लागायचं नाही. मुलीच्या झाडाला मी हात लावायलाच नको होता."

मला संताप आला. त्या बायकांचा, आणि त्यांचं खरं मानून बसलेल्या आईंचाही. मी शांत डोक्याने बोलायला हवं होतं, पण तो गुण माझ्यात नाही. "काहीतरी बोलू नका आई. हात वगैरे काही गेलेला नाही, पाणी जास्त झालं एवढंच! उठा, वर्तमानपत्रं पसरा."

नवरा सोफ्यावरून म्हणाला, "वरच्या फांद्या चांगल्या असतील तर कापून बघ." उंटावरून शेळ्या हाकायला हा कायम तयार असतो, पण या वेळी बरोबर बोलला. मी धारदार सुरी घेतली आणि कुजलेलं खोड कापत वर गेले. तपकिरी रंग दिसला की आणखी वर कापायचं. आई शेजारी बसून प्रत्येक घावाला डोळे मिटत होत्या. शेवटी अगदी वरच्या टोकाला कापाचा रंग स्वच्छ हिरवा दिसला. एवढ्या मोठ्या झाडातून हातभर लांबीची एकच फांदी वाचली.

"आता लाव लवकर, पाणी दे त्याला," आई म्हणाल्या.

"नाही. आता ती ताटलीत ठेवायची आणि कापलेली जागा कोरडी होऊ द्यायची. ओलं लागलं तर पुन्हा कुजेल."

आई हळूच म्हणाल्या, "बाळाची नाळ सुकून पडेपर्यंत बेंबीला पाणी लावत नाहीत, तसं का?"

इतकी वर्षं मी ही झाडं सांभाळली, चार पुस्तकं चाळली, पण इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं. "अगदी तसंच, आई."

"मग ते मला येतं. हिची नाळ मीच सांभाळली होती," त्या बंद दाराकडे बघत म्हणाल्या.

फांदी पुस्तकांच्या कपाटावर ताटलीत पडून राहिली. आई रोज जाऊन तिच्याकडे बघायच्या, पण बोटसुद्धा लावायच्या नाहीत. कापलेल्या जागेवर कोरडी, पांढुरकी साय धरली तेव्हा मी खडी-मातीची कुंडी तयार केली, खाली भोक असलेली, आणि फांदी आईंच्या हातात दिली. त्यांनी हात मागे घेतला.

"तू लाव गं. नाहीतर हिच्या हातून लावून घे."

"तुम्हीच लावायची. नाहीतर जाईल कचऱ्यात."

कचऱ्यात काय जाणार होती, पण मी म्हटलं खरं. मुलगी दारात उभी राहून सगळं बघत होती. आजीशी अजून ती मोकळेपणाने बोलत नव्हती. ती पुढे आली, खापरी उचलली आणि कुंडीच्या भोकावर ठेवली. मग आईंनी फांदी लावली, हलक्या हाताने माती दाबली आणि सवयीने तांब्या शोधायला वळल्या. "नाइन, ओमा!" मुलगी ओरडली. आई थांबल्या आणि कान पकडून हसल्या. मुलगीसुद्धा हसली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईंनी चहा नको म्हटलं. "हल्ली पित्त होतं." त्याच्या पुढच्या दिवशीही नको. मी आलं घालून केला, गवती चहा घालून केला, नवऱ्याने स्वतः करून दिला (तो मीसुद्धा नाकारला असता). आई गरम पाणी पीत बसायच्या आणि दुपारी डोकं धरून आडव्या व्हायच्या. डॉक्टरकडे नेऊ का म्हटलं तर रागवायच्या. शेवटी बिंग फोडलं ते मुलीने. झोपताना ती मला म्हणाली, झाडाला पाय फुटेपर्यंत ओमा चहा पिणार नाही, हे फक्त आम्हा दोघींनाच माहीत आहे, तू कुणाला सांगू नकोस. मुळांना ती पाय म्हणते.

मी सकाळीच आईंसमोर जाऊन उभी राहिले. "या वयात हे कसले हट्ट, आई?"

"हट्ट कसला? ते बिचारं निर्जळी करतंय, आणि मी त्याच्यासमोर बसून चहा ढोसू?"

"त्याला पाणी नकोच आहे! त्याचा स्वभाव आहे तो!"

"आणि माझा हा आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या हातचं लागलं, तर त्याचं पारणं आणि माझं एकदमच."

माझं सगळं इंजिनिअरिंग त्या एका वाक्यापुढे लंगडं पडलं. मुळं हिवाळ्यात फुटायला फार वेळ लागतो, उजेडच नसतो, हेही सांगून झालं. त्या म्हणाल्या, उपास कधी सुटतो ते उपास करणारा ठरवत नाही. आजी आणि नात रोज सकाळी खिडकीपाशी उभ्या राहून कुंडीकडे बघायच्या. मुलीला फांदी उपटून बघायची घाई, आई तिचा हात धरून ठेवायच्या. एक मराठीत बोलायची, एक जर्मनमध्ये, आणि दोघींचं छान चालायचं. आईंनी खोलीत एक बदल मात्र करून घेतला. खिडकी उघडायच्या आधी झाड उचलून कपाटावर ठेवायचं आणि बंद केल्यावर परत आणायचं, हे काम मुलीला लावून दिलं. ते तिने एक दिवसही चुकवलं नाही.

फेब्रुवारीत व्हिसा संपला. फांदीची पानं सुरकुतली होती, खालची दोन गळली होती. आई विमानतळावर मुलीला जवळ घेऊन काहीतरी बोलल्या आणि गेल्या. पुण्यात पोचल्यावरही चहा नाही. फोनवर शेजारणी सांगायच्या की या आमच्यासाठी करतात आणि स्वतः कोमट पाणी पितात, काय झालंय यांना? नवरा कासावीस झाला. एका रात्री जेवताना म्हणाला, "मुळं आली म्हणून सांगून टाकूया का?" माझ्याही मनात ते आलं होतं. पण मुलीने काटा खाली ठेवला आणि बापाकडे असं बघितलं की त्याने विषयच बदलला.

मार्चमध्ये ऊन परत आलं. सकाळी काचेतून थेट फळीवर पडायला लागलं आणि समोरच्या घराच्या छपरावर पक्षी ओरडायला लागले. एके दिवशी फांदीच्या टोकाला दोन नखाएवढी पानं दिसली, कोवळी आणि चकचकीत. मी फांदी अगदी हलकेच वर ओढली. ती हलली नाही. पुन्हा ओढली. तिने मातीला धरून ठेवलं होतं. मी तशीच स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले आणि रडले, एका जेडच्या फांदीसाठी, ऑफिसची मीटिंग चालू असताना.

मुलगी शाळेतून आणि नवरा ऑफिसातून येईपर्यंत मी थांबले, मग व्हिडिओ कॉल लावला. आईंना बातमी सांगितली तर म्हणाल्या, "तुझ्यावर माझा विश्वास आहे, पण तिला ओढून दाखवू दे." मुलीने फोनसमोर कुंडी धरली आणि दोन बोटांनी फांदी ओढली. फांदी जागची हलली नाही. "एस हेल्ट, ओमा!" धरून ठेवलंय त्याने.

आईंनी आपला उजवा हात वर केला, त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मग डोळ्यांना पदर लावला. फोन ओट्यावर टेकवून त्या लगबगीने गॅस पेटवायला वळल्या. दुधाचं पातेलं, साखरेचा डबा, आलं किसल्याचा आवाज, सगळं इकडे येत होतं. "आधी त्याचं पारणं करा, मग माझं," त्यांनी तिकडूनच हुकूम सोडला. आई जाताना पळी इथेच ठेवून गेल्या होत्या. मुलीने ती भरून बुंध्याशी पाणी घातलं. एकच पळी, आणि ते कोरड्या खडीत क्षणात दिसेनासं झालं.

मग आईंनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि घोट घेतला. आम्ही तिघं फोनवर डोकी टेकवून बघत होतो. त्यांचा चेहरा कसानुसा झाला.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"पाणचट झालाय रे," आई म्हणाल्या. "इतक्या दिवसांत अंदाजच गेला माझा. पाणी जास्त पडलं."

माझ्या शेजारून मुलीने फोन हिसकावून घेतला. जर्मनमध्ये वाढलेल्या घशातून, अडखळत, पण पुरत्या मराठीत ती आजीवर ओरडली, "आजी! तुला किती वेळा सांगायचं, जास्त पाणी नाही घालायचं!"

तिकडे आईंची बशी इतकी हलली की चहा पदरावर सांडला. त्या हसत होत्या, डोळे पुसत होत्या, आणि तो पाणचट चहा त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.